राउंड, दॅट आणि टू : इंग्रजी शब्दाची जात ओळखायची कशी?

फळा-खडू (मूळ लेखन)

मराठी माध्यमातल्या मुलांना आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना इंग्रजी शब्दांच्या जाती शिकवण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी हा धागा काढत आहे. बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत दोन रकान्यांचा तक्ता असतो. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याची जात. बुक म्हणजे नाम, रन म्हणजे क्रियापद, फास्ट म्हणजे विशेषण, बट म्हणजे उभयान्वयी अव्यय. मुले तक्ता पाठ करतात, आणि प्रश्नपत्रिकेत 'शी बुक्ड अ टिकेट' किंवा 'नोबडी बट यू' असे काही आले की पाठांतर दगा देते. माझे म्हणणे असे आहे की इंग्रजीत सुट्या शब्दाला जात विचारणे हाच मुळात चुकीचा प्रश्न आहे. जात वाक्यातल्या कामावरून ठरते आणि शिकवण्याची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

राउंड हा एकच शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' यात तो टेबल कसे आहे ते सांगतो, म्हणून विशेषण. 'द सेकंड राउंड' यात तो मोजता येणारी फेरी आहे, म्हणून नाम. 'द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन' यात तो सूर्याचा फिरण्याशी संबंध जोडतो, म्हणजे ज्याला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो ते काम करतो. 'शी टर्न्ड राउंड' यात त्याच्यापुढे नामच नाही, तो केवळ वळण्याची दिशा सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आणि 'द शिप राउंडेड द केप' यात त्याला भूतकाळाचा प्रत्यय लागला आहे, म्हणून क्रियापद. शब्द एक आणि जाती पाच. तक्त्यात यातली कोणती लिहायची?

इंग्रजीत हे इतक्या मोठ्या प्रमाणावर घडते याला ऐतिहासिक कारण आहे. जुन्या इंग्रजीत नामांना आणि क्रियापदांना वेगवेगळे प्रत्यय होते. प्रेम या अर्थाचे नाम 'लुफू' होते आणि प्रेम करणे या अर्थाचे क्रियापद 'लुफिअन'. पुढच्या शतकांत शब्दांचे शेवट झिजत गेले आणि दोन्ही 'लव्ह' या एकाच रूपात मिसळली. प्रत्यय गेल्यावर शब्दाचे काम दाखवण्याची जबाबदारी वाक्यातल्या जागेवर येऊन पडली. मराठीत प्रत्यय टिकून असल्यामुळे 'मुलाने आंबा खाल्ला' यातले शब्द कसेही मागेपुढे केले तरी खाणारा मुलगाच राहतो. इंग्रजीत जागा बदलली की अर्थ बदलतो आणि पुष्कळदा जातही बदलते. मराठीतही 'खेळ रंगला' आणि 'तू खेळ' यांत एकच रूप नाम आणि क्रियापद म्हणून येते, 'बोल', 'नाच', 'मार' यांचेही तसेच आहे. पण 'खेळतो' किंवा 'खेळाला' असे म्हणताच संशय मिटतो. इंग्रजीत तो तसा चटकन मिटत नाही.

शब्दाची जात ओळखताना अर्थावर आधारलेली व्याख्या शक्यतो बाजूला ठेवावी. 'क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद' ही व्याख्या 'अरायव्हल' आणि 'एक्स्प्लोजन' यांच्यापाशीच अडते, कारण येणे आणि स्फोट होणे या क्रियाच आहेत, पण हे दोन्ही शब्द नामे आहेत. उलट 'ओन', 'बिलाँग' आणि 'रिझेम्बल' यांत कोणी काही करत नाही, तरी ती क्रियापदे आहेत. त्यापेक्षा शब्दाचे शेजारी तपासावेत. मागे 'द' किंवा 'माय' बसतो का आणि बहुतेक वेळा अनेकवचन होते का, हे पाहिले की नाम सापडते. वाक्यात 'यस्टरडे' घालून पाहावे आणि ज्या शब्दाचे रूप त्यामुळे बदलावे लागते तो शब्द क्रियापद समजावा. 'व्हेरी' मागे लावता येतो आणि 'सीम्स' या शब्दाच्या पुढेही बसतो, तो बहुधा विशेषण. क्रियाविशेषणाला मात्र अशी एकच कसोटी नाही. ज्या शब्दांची सोय दुसरीकडे लागली नाही ते सगळे व्याकरणकारांनी त्या खोलीत नेऊन ठेवले, असे माझे स्पष्ट मत आहे. 'क्विकली', 'व्हेरी', 'नॉट', 'देअर' आणि 'परहॅप्स' हे एका कुळातले आहेत असे कोणी भोळेपणानेही म्हणणार नाही.

अनुस्वार

तुमच्या लेखनाचा रोख मान्य आहे, पण 'सुट्या शब्दाला जातच नसते' इथपर्यंत जाऊ नये. 'काइंडनेस', 'मूव्हमेंट', 'ॲबिलिटी' आणि 'एज्युकेशन' हे शब्द कोणत्याही वाक्यात टाका, ती नामेच राहतील, कारण त्यांच्या शेवटाला असलेल्या नेस, मेंट, इटी आणि शन या प्रत्ययांनी जात आधीच ठरवलेली आहे. 'फुल', 'लेस' आणि 'अस' यांनी संपणारी बहुतेक विशेषणे असतात. 'आइझ' आणि 'इफाय' यांनी संपणारी क्रियापदे असतात. शिवाय 'द', 'अँड', 'ऑफ', 'दे', 'अस' असे जे थोडके पण क्षणोक्षणी येणारे शब्द आहेत, त्यांची संख्या मर्यादित आहे आणि त्यांत नवी भर फारशी पडत नाही. ते पाठ करण्यात काहीही गैर नाही. नामे, क्रियापदे आणि विशेषणे यांत रोज भर पडते, आणि तुमचा वाक्यावरचा भर खरा तिथे उपयोगी आहे.

प्रत्ययांतही सापळे आहेत, हे मात्र मुलांना लगेच सांगावे. 'एल-वाय' आला की क्रियाविशेषण, असे घोकून घेतलेले विद्यार्थी 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोन्ली', 'अग्ली' आणि 'सिली' यांच्यावर चुकतात. ही सगळी विशेषणे आहेत, आणि 'ही स्पोक फ्रेंडली' असे म्हणता येत नाही, 'इन अ फ्रेंडली वे' असे म्हणावे लागते. 'डेली' आणि 'अर्ली' दोन्हीकडे चालतात. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांना क्रियाविशेषण होण्यासाठी प्रत्यय लागतच नाही. 'फास्टली' असा शब्दच नाही, आणि 'हार्डली' असा शब्द आहे खरा, पण त्याचा अर्थ 'जेमतेम' किंवा 'क्वचितच' असा होतो. 'ही वर्क्स हार्ड' आणि 'ही हार्डली वर्क्स' यांतला फरक एखाद्याच्या शिफारसपत्रात फार महाग पडू शकतो.

मी स्वतः मराठी प्रतिशब्दाची युक्ती वापरते. 'दॅट' कोणत्या जातीचा आहे हे विचारण्यापेक्षा मराठीत तिथे काय येते ते विचारावे. 'दॅट बुक' म्हणजे 'ते पुस्तक', इथे तो नामाच्या मागे उभा आहे. 'दॅट इज माइन' म्हणजे 'ते माझे आहे', इथे तो एकटाच उभा आहे, म्हणून सर्वनाम. 'द बुक दॅट आय बॉट' इथे मराठीत 'जे' येते, म्हणून संबंधी सर्वनाम. 'ही सेड दॅट ही वुड कम' इथे 'की' येतो, म्हणून उभयान्वयी. 'इट इज नॉट दॅट डिफिकल्ट' इथे 'तितके' येते, म्हणून क्रियाविशेषण. इंग्रजीने एका शब्दावर भागवलेले काम मराठी चार निरनिराळ्या शब्दांनी करते, आणि मुलांना ते चारही आधीपासून येत असतात.

पालक-ठाणे

मी भाषेची अभ्यासक नाही, म्हणून प्रश्न साधा आहे. मुलीच्या वहीत 'माय' या शब्दाखाली बाईंनी सर्वनाम लिहिले आहे. तिच्या सराव पुस्तकात तेच विशेषण म्हणून दिले आहे. मोबाइलवरच्या शब्दकोशात त्याला 'डिटर्मायनर' म्हटले आहे. यातले खरे कोणते? आणि मुळात या जाती आठच का?

फळा-खडू

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच इतिहासात आहे. आठ हा आकडा इंग्रजी भाषेकडे पाहून ठरलेला नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक व्याकरणकाराच्या नावावर असलेल्या छोट्या ग्रंथात शब्दांचे आठ वर्ग आहेत. त्यांत उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) आणि धातुसाधित (क्रियापदापासून झालेले, विशेषणासारखे वागणारे रूप) यांना स्वतंत्र स्थान आहे, विशेषण मात्र वेगळे नाही, कारण ग्रीकमध्ये विशेषणे नामांसारखीच चालत असल्यामुळे ती नामांतच मोडत. लॅटिनमध्ये उपपदच नव्हते. तेव्हा रोमन व्याकरणकारांनी ती जागा केवलप्रयोगी अव्ययाला दिली आणि आकडा आठच राखला. पुढे इंग्रजीचे व्याकरण लॅटिनच्या नमुन्यावर लिहिले गेले. अठराव्या शतकात विशेषण नामापासून वेगळे झाले आणि धातुसाधित क्रियापदात गेले. १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे कित्येक दशके शाळांतून चाललेल्या लिंडली मरी यांच्या व्याकरणात उपपदासह नऊ जाती आहेत. नंतर बहुतेक शालेय पुस्तकांनी 'अ' आणि 'द' यांना विशेषणांत ढकलले आणि पुन्हा आठ उरल्या. वर्गातल्या भिंतीवरचा आठांचा तक्ता असा जोडाजोडीने तयार झाला आहे.

आता 'माय'. ते व्यक्तीऐवजी येते म्हणून सर्वनाम, नामाच्या मागे बसते म्हणून विशेषण, अशा दोन्ही गणती जुन्याच आहेत. विसाव्या शतकातल्या व्याकरणकारांच्या लक्षात आले की 'अ', 'द', 'धिस', 'माय', 'एव्हरी' हे शब्द विशेषणांसारखे वागतच नाहीत. 'बिग रेड बस' असे दोन विशेषणांचे जोडकाम चालते, पण 'द माय बस' चालत नाही. यांतला एक आला की दुसऱ्याला जागा राहत नाही. 'व्हेरी माय' असेही म्हणता येत नाही. म्हणून या गटाला 'डिटर्मायनर' हे वेगळे नाव मिळाले, आणि आजचे बहुतेक इंग्रजी शब्दकोश तेच वापरतात. माझ्या मते तिन्हींत हेच वर्णन सर्वांत अचूक आहे. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकात जे असेल तेच लिहावे, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत.

'माय' आणि 'माइन' यांतला फरक मात्र कोणत्याही गणतीत पक्का आहे. 'माइन' एकटे उभे राहते, 'माय' राहू शकत नाही. 'हिज' दोन्ही कामे करते. 'हर' हा शब्द तर 'तिला' आणि 'तिचा' अशा दोन्ही अर्थांनी येतो, आणि त्यामुळेच 'आय सॉ हर डक' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एका अर्थी मी तिचे बदक पाहिले, दुसऱ्या अर्थी मी तिला झटकन खाली वाकताना पाहिले. पहिल्यात 'डक' नाम, दुसऱ्यात क्रियापद, आणि 'हर'ची जात 'डक'च्या जातीबरोबर बदलते. एका शब्दाची जात दुसऱ्या शब्दावर अशी अवलंबून असते, हे दाखवायला यापेक्षा चांगले वाक्य मला सापडलेले नाही.

सामान्यरूप

या चर्चेत मराठीची बाजूही यायला हवी, कारण मुले इंग्रजीच्या जाती मराठी नावांनीच शिकतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. आपल्या परंपरेत हे विभाजन निराळे होते. यास्काने निरुक्त या प्राचीन ग्रंथात नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे अव्यये) असे चार वर्ग सांगितले. पाणिनीने त्याहून थोडक्यात, पदाच्या अंती कोणता प्रत्यय आहे एवढ्यावरून, सुबन्त (नामांचे प्रत्यय लागलेली) आणि तिङन्त (क्रियापदांचे प्रत्यय लागलेली) अशी दोनच पदे मानली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले, तेव्हापासून शालेय मराठी व्याकरणात इंग्रजीच्या धर्तीवरची आठ जातींची मांडणी रुजत गेली. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात या वर्गीकरणाची सविस्तर चिकित्सा केली, पण वर्गात आठांचेच राज्य राहिले.

प्रश्न असा की नावे जुळली तरी वस्तू जुळत नाहीत. आपण चार जातींना विकारी आणि चारांना अव्यये म्हणतो. इंग्रजी विशेषण लिंग किंवा वचन यांनुसार बदलत नाही, आणि इंग्रजी क्रियाविशेषण 'फास्ट, फास्टर, फास्टेस्ट' असे चक्क चालते, तरी आपण त्याला क्रियाविशेषण अव्यय म्हणतो. सर्वांत मोठी तफावत शब्दयोगी अव्ययात आहे. आपले शब्दयोगी अव्यय नामानंतर येते, त्याला जोडून लिहिले जाते आणि त्याच्यासाठी नामाला सामान्यरूप घ्यावे लागते, म्हणजे घर या शब्दाचे 'घरावर' होते. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी, सुटा आणि नामाला धक्काही न लावता येतो. शिवाय 'इन' आणि 'टू' यांचे काम मराठीत पुष्कळदा 'त' आणि 'ला' हे विभक्तिप्रत्ययच करतात, ते तर अव्ययही नव्हेत.

तरीही एक ठिकाण असे आहे की जिथे मराठी व्याकरणच इंग्रजीची गुरुकिल्ली देते. 'मांजर छपरावर गेले' यात 'वर' शब्दयोगी अव्यय आहे, आणि 'मांजर वर गेले' यात तेच क्रियाविशेषण आहे, हे मराठीच्या तासाला मुलांना शिकवलेले असते. 'द कॅट वेंट अप द ट्री' आणि 'द कॅट वेंट अप' यांत नेमका तोच भेद आहे. पुढे नाम असेल तर एक, नसेल तर दुसरे. यात फक्त तिसरी शक्यता मिळवावी, की पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले अख्खे वाक्य आले तर तो शब्द उभयान्वयी होतो. 'बिफोर लंच', 'बिफोर ही केम', 'आय हॅव सीन इट बिफोर'. 'आफ्टर' आणि 'सिन्स' यांनाही हीच कसोटी जशीच्या तशी लागू पडते. जाता जाता एवढे सांगतो की २००२ मध्ये आलेल्या हडल्स्टन आणि पुलम यांच्या बृहद् व्याकरणाने ही त्रिविध विभागणीच नाकारली आणि तिन्ही ठिकाणी 'बिफोर' एकाच जातीचा मानला. क्रियापदापुढे कर्म आले किंवा नाही आले तरी आपण त्याची जात बदलत नाही, मग इथेच का बदलावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो पटतो. शाळेत तो पोहोचायला वेळ लागेल.

भाषांतराचा हमाल

अनुस्वार यांची मराठी प्रतिशब्दाची युक्ती 'दॅट'साठी उत्तम आहे, पण ती सरसकट वापरली तर घात करते, आणि तो कसा करते हे माझ्या कामात रोज दिसते. मराठीत 'मी सहमत आहे' असे म्हणतात. 'सहमत' विशेषण आहे, म्हणून आपला माणूस निर्धास्तपणे 'आय ॲम ॲग्री' लिहितो. इंग्रजीत 'ॲग्री' हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला 'ॲम' लागत नाही. याच्या उलट 'मला भीती वाटते' यात मराठीत नाम आणि क्रियापद आहे, इंग्रजीत 'अफ्रेड' हे विशेषण आहे, म्हणून 'आय डिडंट अफ्रेड' हे चुकते आणि 'आय वॉजंट अफ्रेड' हे बरोबर ठरते. 'आय बॉर्न इन पुणे' हीसुद्धा त्याच घरातली चूक आहे, कारण 'जन्मलो' हे आपले क्रियापद आहे आणि 'बॉर्न' मात्र 'वॉज'शिवाय चालत नाही.

उभयान्वयी अव्ययांचा दोष तर आणखी खोलवर गेलेला आहे. मराठीत 'जरी' आला की 'तरी' यायलाच हवा, ती जोडीच आहे. त्यामुळे 'दो ही वॉज इल, बट ही केम' हे वाक्य आपल्या कानाला पूर्ण वाटते. इंग्रजीत दोन उपवाक्यांच्या जोडासाठी एकच खिळा पुरतो, 'दो' तरी ठेवावा किंवा 'बट' तरी.

आणि 'टू'. या दोन अक्षरांच्या शब्दाची जात न ओळखल्यामुळे जितकी अर्जपत्रे बिघडली असतील तितकी दुसऱ्या कशाने बिघडली नसतील. 'आय वाँट टू मीट यू' यात 'टू' हा क्रियापदाच्या मूळ रूपाचा सोबती आहे. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' यात तो शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे वागणारे रूप हवे, म्हणून 'मीटिंग'. ओळखायची खूण सोपी आहे. 'टू'च्या पुढे 'इट' किंवा 'द मीटिंग' असे साधे नाम ठेवून पाहावे, वाक्य टिकले तर तो शब्दयोगी. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट' हे टिकते. 'आय वाँट टू इट' हे कोसळते. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी मी लवकर उठत असे, आणि 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठण्याची सवय आहे, हा फरकही त्याच खुणेने उलगडतो.

तारायंत्र

संगणकाला शब्दांच्या जाती लावायला शिकवणे हा माझ्या नोकरीचा भाग आहे, म्हणून थोडी भर घालतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या मजकुरातून सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह केला गेला. त्यातल्या शब्दांना जाती लावण्यासाठी १९७१ मध्ये लिहिलेली नियमांवर चालणारी प्रणाली सुमारे ७७ टक्के शब्दांबाबत बरोबर ठरली, उरलेले काम माणसांनी हाताने केले. या संग्रहाच्या पुढच्या अभ्यासात एक मजेदार गोष्ट दिसली. वेगवेगळे शब्द मोजले तर त्यांतले साधारण ११.५ टक्केच एकाहून अधिक जातींचे निघतात. पण चालू मजकुरात आलेला प्रत्येक शब्द मोजला तर हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाते. म्हणजे अनुस्वार आणि फळा-खडू दोघांचेही म्हणणे खरे आहे. बहुसंख्य शब्द एकाच जातीचे असतात, आणि जे अनेक जातींचे असतात तेच आपण सतत वापरतो.

आठांच्या आकड्याबद्दल सांगायचे तर आमच्या क्षेत्रात तो कोणी पाळत नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रसिद्ध वाक्यसंग्रहात विरामचिन्हे सोडून ३६ खुणा आहेत, कारण एकवचनी नाम आणि अनेकवचनी नाम यांनाही निरनिराळ्या खुणा दिल्या आहेत. अनेक भाषांसाठी एकच मांडणी असावी म्हणून आखलेल्या अलीकडच्या योजनेत १७ जाती आहेत, आणि तीत मराठीचाही एक छोटा संग्रह आहे. भाषांतराचा हमाल यांनी ज्या 'टू'वर एवढे लिहिले, त्याला पेन्सिल्व्हेनियाच्या मंडळींनी दोन्ही अर्थांसाठी एकच स्वतंत्र खूण देऊन टाकली आणि निर्णयाची कटकटच टाळली.

अनुस्वार

उच्चाराबद्दल अजून कोणी लिहिले नाही. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट', 'कंडक्ट' या शब्दांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर) असेल तर नाम आणि दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. 'यूज' हे क्रियापद, 'यूस' हे नाम, लेखन एकच. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' यांत उच्चाराबरोबर अक्षरही बदलते. मराठीत आघाताने शब्दाची जात बदलत नसल्यामुळे आपल्याला हे ऐकूच येत नाही, म्हणून ते मुद्दाम मोठ्याने म्हणून दाखवावे लागते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तेव्हा निदान कान तयार करायला आता पुरेशी वर्षे हाताशी असतात.

पालक-ठाणे

सर्वांचे आभार. 'माय'चा उलगडा झाला. आता मुलीनेच तीन शब्द काढून दिले आहेत. 'स्विमिंग पूल'मधले 'स्विमिंग', 'क्रिकेट टीम'मधले 'क्रिकेट', आणि 'धिस बुक इज वर्थ रीडिंग' यातले 'वर्थ'. पहिली दोन नामाबद्दल माहिती देतात, म्हणून तिने विशेषणे लिहिली आहेत.

फळा-खडू

'क्रिकेट टीम'मध्ये 'क्रिकेट' नामच आहे. नामाच्या मागे उभे राहून त्याची माहिती देणे हे विशेषणाचे काम असले तरी इंग्रजीत नामही ते काम करते, आणि मराठीत 'शाळा समिती' म्हणताना आपणही तेच करतो. 'व्हेरी क्रिकेट टीम' म्हणता येत नाही आणि 'द टीम इज क्रिकेट' असेही म्हणता येत नाही, एवढे पुरेसे आहे. पूर्वीच्या पुस्तकांनी अशा ठिकाणी 'विशेषणासारखे वापरलेले नाम' असे लिहिण्याची सोय ठेवली होती, ती मला अजूनही प्रामाणिक वाटते.

'स्विमिंग पूल' म्हणजे पोहण्यासाठी असलेला तलाव, म्हणून तिथले 'स्विमिंग' हे क्रियापदापासून झालेले नाम. 'अ स्विमिंग फिश' म्हणजे पोहत असलेला मासा, तिथे तेच रूप धातुसाधित विशेषण. तलाव स्वतः पोहत नाही, हे लक्षात घेतले की भेद कळतो. उच्चारातही खूण आहे, कारण पहिल्यात आघात 'स्विमिंग'वर पडतो आणि दुसऱ्यात 'फिश'वर. ही संदिग्धता अख्ख्या वाक्यालाही ग्रासू शकते. 'व्हिजिटिंग रिलेटिव्ह्ज कॅन बी बोअरिंग' यात नातेवाईकांकडे जाणे कंटाळवाणे आहे की घरी येणारे नातेवाईक कंटाळवाणे आहेत, हे 'व्हिजिटिंग'ची जात ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. गंमत म्हणजे 'कॅन'ऐवजी 'इज' किंवा 'आर' घातले की लगेच कळते, कारण मग क्रियापद आपला कर्ता कोण ते वचनाने सांगून टाकते.

'वर्थ'वर शब्दकोशांचेच एकमत नाही. ऑक्सफर्डचा विद्यार्थी शब्दकोश त्याला विशेषण म्हणतो, कारण तो 'इज'च्या पुढे विशेषणाच्या जागी बसतो. मेरियम-वेबस्टर त्याला शब्दयोगी म्हणतो, कारण त्याच्यापुढे 'रीडिंग' किंवा 'टेन रुपीज' असे काहीतरी असल्याशिवाय तो उभाच राहत नाही. दोन्ही कारणे बरोबर आहेत. मी त्याला विशेषण म्हणेन, पण ज्याला कर्मासारखी पुरवणी लागते असे दुर्मीळ विशेषण. 'वेल वर्थ' असे म्हणतात आणि 'व्हेरी वर्थ' असे कधीच म्हणत नाहीत, हे मात्र मुलीला आजच सांगून ठेवा. निबंधात तिला त्याचा उपयोग होईल, आणि जात विचारली गेली तर तिच्या पाठ्यपुस्तकात असेल ती लिहू द्या.